एक रुपयाच्या तिकिटामागचे गणित
(स्वस्त प्रादेशिक विमानसेवेचा अर्थविचार)

मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला बेळगाव अथवा हुबळी येथे जावयाचे असेल, तर पूर्वापार चालत आलेले मार्ग दोनच. जवळच्या यशवंतपूर स्थानकावरून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडावयाची, किंवा जेवणे आटोपून खासगी बसमध्ये बसावयाचे. दोन्ही मार्गांनी माणूस सकाळी मुक्कामी पोहोचतो. हा रस्ता मराठी माणसाला नवा नाही. मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वराचे देऊळ सतराव्या शतकात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी बांधले, असे मानले जाते. म्हणजे या वाटेवरची ये-जा निदान साडेतीनशे वर्षांची आहे. त्या वाटेवर विमानाचा तिसरा पर्याय सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो २००३ साली, आणि तोही याच शहरातून.

एअर डेक्कन ही कंपनी आज अस्तित्वात नाही. तिच्या उदयाची कथा पुस्तकांतून आणि चित्रपटांतून पुष्कळ सांगितली गेली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. स्वस्त तिकीट कोणाच्या खिशातून स्वस्त होते, हा प्रश्न बँकेच्या ग्राहकाला आणि कर्मचाऱ्याला सारखाच जिव्हाळ्याचा असावयास हवा. प्रवासी म्हणून आपण ते तिकीट विकत घेतो, भागधारक म्हणून त्या कंपनीत पैसे गुंतवतो, आणि ठेवीदार म्हणून, बहुधा नकळत, तिला कर्जही देतो.

जक्कूरहून हुबळीकडे

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ हे हासन जिल्ह्यातील गोरूर गावचे, एका शाळामास्तरांचे चिरंजीव. विजापूरच्या सैनिकी शाळेत आणि पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांचे शिक्षण झाले. सैन्यात असताना १९७१ च्या युद्धात त्यांनी भाग घेतला आणि तिशीच्या आतच सेवा सोडली. हेमावती धरणात कुटुंबाची जमीन गेली होती. तिच्या मोबदल्यात जावगल भागात मिळालेल्या ओसाड रानात त्यांनी शेती आणि रेशीमपालन केले. त्या पर्यावरणपूरक रेशीमशेतीसाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यानंतर सैन्यातील सहकारी कॅप्टन के. जे. सॅम्युएल यांच्यासह त्यांनी डेक्कन एव्हिएशन ही भाड्याने हेलिकॉप्टर देणारी कंपनी चालविली. तिचा तळ मल्लेश्वरमहून मेखरी सर्कल, हेब्बाळ करीत उत्तरेकडे निघाले की लागणाऱ्या जक्कूरच्या छोट्या विमानतळावर होता.

हेलिकॉप्टरमधून खाली पाहताना लहान लहान गावांतील छपरांवर दूरचित्रवाणीच्या अँटेना दिसत, आणि ज्या घरात दूरचित्रवाणी संच येऊ शकतो त्या घरात कधीतरी विमानाचे तिकीटही येऊ शकेल, असे आपल्याला वाटले, हे गोपीनाथ यांनी अनेकदा सांगितले आहे. कल्पना आकर्षक होती. परंतु तिला वेळही अनुकूल होती. १९५३ च्या कायद्याने निर्माण केलेली सरकारी विमान महामंडळांची मक्तेदारी १९९४ मध्ये कायदा रद्द होऊन औपचारिकपणे संपली होती. लहान गावांसाठी १९८१ मध्ये निघालेली सरकारी ‘वायुदूत’ तोट्यात रुतून १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली होती. देशात अनेक धावपट्ट्या तयार होत्या, पण त्यांवर विमाने उतरत नव्हती. आणि साऱ्या देशात वर्षाला विमानाने जाणारे देशांतर्गत प्रवासी होते सुमारे दीड कोटी. २०२४ मध्ये हा आकडा सोळा कोटींच्या पुढे गेला, यावरून त्या वेळची बाजारपेठ किती झाकलेली होती याची कल्पना यावी.

ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनची विमाने बंगळूरहून उडू लागली. हुबळी हे पहिल्या गावांपैकी एक होते. विमाने होती एटीआर जातीची, दोन पंख्यांची, अठ्ठेचाळीस आसनांची. कंपनीने बोधचिन्ह म्हणून निवडला तो आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातील सामान्य माणूस. म्हैसुरात जन्मलेल्या आणि मुंबईत हयात घालविलेल्या व्यंगचित्रकाराचा हा मानसपुत्र विमानाच्या अंगावर दिसू लागला, तेव्हा जाहिरातीसाठी वेगळे शब्द शोधण्याची गरजच उरली नाही. आरंभ मात्र निर्विघ्न झाला नाही. त्याच वर्षी हैदराबादहून विजयवाड्याला निघालेल्या उद्घाटनाच्या विमानाच्या इंजिनाला, आत वेंकय्या नायडूंसारखे मान्यवर बसलेले असताना, धावपट्टीवरच आग लागली. कोणाला इजा झाली नाही, आणि कंपनी त्यातूनही तरली.

रिकामे आसन म्हणजे काय

स्वस्त विमानसेवेचे शास्त्र अमेरिकेत १९७१ मध्ये साउथवेस्ट या कंपनीने घडविले आणि युरोपात रायनएअर व ईझीजेट यांनी ते अधिक काटेकोर केले. त्याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. दुकानदाराचा आज न विकलेला साबण उद्या विकला जातो. विमानातील रिकामे आसन मात्र विमान सुटताक्षणी कायमचे वाया जाते. मंडईतील मेथीच्या जुडीलाही याहून जास्त आयुष्य असते.

हे आकड्यांत पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, बंगळूर ते हुबळी एका फेरीचा एकूण खर्च १ लाख २० हजार रुपये आहे आणि विमानात ४८ आसने आहेत. तीन हजार रुपये दराने ३० तिकिटे विकली गेली, तर उत्पन्न ९० हजार आणि तोटा ३० हजार. अठरा आसने रिकामी राहिली. आता ही अठरा आसने एक हजार रुपयांना विकली, तर १८ हजार रुपये अधिक मिळतात, कारण आणखी अठरा माणसे बसल्याने इंधन फारसे जास्त लागत नाही, वैमानिकाचा पगार वाढत नाही आणि विमानाचे भाडेही वाढत नाही. तोटा १२ हजारांवर आला. येथपर्यंत सारे उत्तम.

परंतु तीन हजार देणाऱ्या तीस जणांपैकी दहा जणांच्या लक्षात आले की आधी तिकीट काढले तर तेच आसन हजारात मिळते. मग वीस जण तीन हजार देणार आणि अठ्ठावीस जण एक हजार. उत्पन्न ६० हजार अधिक २८ हजार, म्हणजे ८८ हजार रुपये. विमान काठोकाठ भरले आहे, एकही आसन रिकामे नाही, आणि तोटा झाला ३२ हजार. अठरा आसने रिकामी होती त्याहूनही दोन हजार जास्त!

या व्यवसायातील सर्व कौशल्य, आणि सर्व अपयशही, या एका उदाहरणात सामावले आहे असे मला वाटते. कोणते आसन, कोणाला, किती दिवस आधी, कोणत्या दराने विकावयाचे याचा हिशेब रोज, किंबहुना तासातासाला करावा लागतो. घाईने निघणारा व्यापारी, वकील अथवा कंपनीचा अधिकारी शेवटच्या दोन दिवसांत तिकीट काढतो. लग्नाला जाणारे कुटुंब दोन महिने आधी ठरविते. पहिल्याकडून जास्त आणि दुसऱ्याकडून कमी घेता आले तरच गाडी रुळावर राहते. एअर डेक्कनने एक रुपयाची तिकिटे काढली तेव्हा त्या रुपयातून काही मिळावे अशी अपेक्षा नव्हती. त्यावरील कर आणि शुल्क वेगळे होतेच. तो रुपया जाहिरातीचा होता. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी फुकट छापली, आणि विमानात कधीच न बसलेली माणसे तिकिटाच्या शोधात निघाली.

दुसरे सूत्र वेळेचे. विमान बहुधा भाडेपट्ट्याने घेतलेले असते आणि भाडे महिन्याचे असते, ते उडो वा उभे राहो. समजा, महिन्याला ४५ लाख रुपये भाडे आहे. विमान रोज सहा तास उडाले, तर महिन्याचे १८० तास होतात आणि तासाला २५ हजार रुपये भाडे पडते. तेच रोज दहा तास उडविले, तर तासाला १५ हजार. म्हणूनच स्वस्त कंपनीचे विमान जमिनीवर अर्धा तासही रेंगाळू नये असा प्रयत्न असतो. जेवण फुकट न देण्याचे एक कारण पैशांची बचत हे आहे. त्याहून महत्त्वाचे कारण असे की जेवण दिले की साफसफाई आली, आणि साफसफाईला वेळ लागतो. आसन क्रमांक न देणे, कागदी तिकीट न देणे, दलालाऐवजी संगणकावरून, दूरध्वनीवरून, टपाल कचेरीतून वा पेट्रोल पंपावरून तिकीट विकणे, ही सारी त्याच सूत्राची अंगे होती. आज ही गोष्ट सवयीची झाली आहे; त्या काळी पेट्रोल पंपावर विमानाचे तिकीट मिळते हे ऐकून लोक हसत असत.

मागणी होती, मग बिनसले कोठे?

२००४ मध्ये कंपनीने एकशे ऐंशी आसनांची एअरबस विमाने आणली आणि मोठ्या शहरांदरम्यानच्या मार्गांवर उतरली. माझ्या मते तिच्या कथेतील खरे वळण हेच होय. हुबळीच्या मार्गावर तिला प्रतिस्पर्धी नव्हता. दिल्ली-मुंबई मार्गावर सगळेच होते. २००५ च्या मे महिन्यात स्पाइसजेट आणि किंगफिशर, नोव्हेंबरात गोएअर आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये इंडिगो अशा कंपन्या पाठोपाठ आल्या. प्रत्येकीजवळ नवी विमाने होती आणि प्रत्येकीला ती भरावयाची होती. वर मांडलेल्या उदाहरणातील ते दहा प्रवासी आता दहा राहिले नाहीत. सगळेच स्वस्त तिकिटाची वाट पाहू लागले.

वाढ मात्र डोळे दिपविणारी होती. तीन-साडेतीन वर्षांत कंपनी साठांहून अधिक शहरांना जाऊ लागली, चाळीसहून अधिक विमाने तिच्या ताफ्यात आली आणि २००६ च्या अखेरीस प्रवासी संख्येत ती देशात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. परंतु वाढीला रोख पैसा लागतो, आणि कंपनीजवळ तो नव्हता. २००६ च्या मे महिन्यात समभागांची पहिली जाहीर विक्री झाली तेव्हा नेमका शेअर बाजार कोसळला. विक्रीची मुदत वाढवावी लागली, आणि जूनमध्ये बाजारात नोंदणी झाली तेव्हा समभागाचा भाव पहिल्याच दिवशी विक्रीच्या किमतीखाली गेला. स्वस्त तिकिटाचा भार प्रवाशाकडून भागधारकाकडे सरकला, असेही म्हणता येईल.

इंधनाचा प्रश्न तर आपल्या देशात नेहमीचाच. विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा आपल्याकडे चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो, कारण मूळ किमतीवर राज्यांचा विक्रीकर बसतो आणि तो अनेक राज्यांत वीस ते तीस टक्के होता. लहान टर्बोप्रॉप विमानांना यातून सवलत होती. त्यांच्या इंधनावर करमर्यादा चार टक्के होती, आणि ऐंशीहून कमी आसनांच्या विमानांना विमानतळावरील उतरण्याचे शुल्कही माफ होते. म्हणजे अठ्ठेचाळीस आसनांचे एटीआर विमान सरकारी धोरणाच्या सावलीत उडत होते, तर एकशे ऐंशी आसनांची एअरबस उन्हात. २००३ मध्ये तीस डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेलाचे पिंप जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरपर्यंत चढले, तेव्हा हा फरक कोणाच्याही ध्यानात यावा इतका मोठा झाला.

तोवर कंपनीची मालकी बदलू लागली होती. २००७ च्या मध्यास विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने २६ टक्के हिस्सा ५५० कोटी रुपयांना घेतला आणि पुढे तो वाढविला. त्या काळच्या नियमानुसार परदेशी उड्डाणे करण्यासाठी कंपनीला देशांतर्गत सेवेची पाच वर्षे आणि वीस विमाने असणे आवश्यक होते. डेक्कनची पाच वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती, किंगफिशरची नव्हती. ऑगस्ट २००८ मध्ये डेक्कनचे नाव बदलून ‘किंगफिशर रेड’ झाले, आणि सप्टेंबरात किंगफिशरचे विमान बंगळूरहून लंडनला उडाले. सामान्य माणसाचे चित्र विमानावरून पुसले गेले. २०११ मध्ये स्वस्त सेवा बंद करण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची सर्वच विमाने जमिनीवर आली.

तारण काय ठेवावे?

येथे बँकेच्या कर्मचाऱ्यांनी क्षणभर थांबावे. कारखान्याला कर्ज दिले तर जमीन, इमारत आणि यंत्रे असतात. विमान कंपनीजवळ काय असते? विमाने बहुधा भाड्याची. ती परदेशी मालकाची. विमानतळावरील जागा सरकारची अथवा विमानतळ कंपनीची. कुशल माणसे महिना संपताच दुसरीकडे जाऊ शकतात. उरते ते नाव. किंगफिशरच्या बाबतीत बँकांकडे तारण असलेल्या गोष्टींत हे नाव, म्हणजे व्यापारचिन्हच, प्रमुख होते आणि तारण ठेवताना त्याचे मूल्य हजारो कोटींत धरले गेले होते. २०१० मध्ये कर्जाची पुनर्रचना करताना बँकांनी काही कर्जाचे समभागांत रूपांतर केले, तेही बाजारभावाहून अधिक दराने. एप्रिल २०१६ मध्ये त्या व्यापारचिन्हांचा लिलाव पुकारला गेला. राखीव किंमत सुमारे ३६७ कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. मुंबईतील किंगफिशर हाउस ही इमारत अनेक लिलाव फसल्यानंतर २०२१ मध्ये ५२ कोटींच्या आसपास विकली गेली.

भारतीय स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील सतरा बँकांचे येणे व्याज धरून नऊ हजार कोटी रुपयांच्या आसपास पोहोचले होते. पुढे वसुली मोठ्या प्रमाणावर झाली हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितल्यानुसार १४,१३१ कोटी रुपये मूल्याची मालमत्ता सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना परत मिळाली. पण ही रक्कम कोठून आली? मुख्यतः मद्यनिर्मिती कंपन्यांच्या जप्त समभागांतून. २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीजचे समभाग हाइनकेनने घेतले तेव्हाच ५,८०० कोटींहून अधिक रुपये आले. विमान कंपनीच्या स्वतःच्या मालमत्तेतून कर्ज फिटले नाही. बिअरच्या धंद्याने ते फेडले.

कर्ज देणारा आणखी एक घटक आहे, आणि तो म्हणजे आपण स्वतः. आगाऊ तिकीट काढणारा प्रवासी कंपनीला बिनव्याजी आणि विनातारण कर्ज देत असतो. समजा, एखादी कंपनी रोज वीस हजार प्रवासी नेते, सरासरी तिकीट दोन हजारांचे आहे आणि ते सरासरी तीस दिवस आधी काढले जाते. मग कोणत्याही दिवशी प्रवाशांचे १२० कोटी रुपये कंपनीच्या हाती असतात. चांगल्या दिवसांत हे उत्तम खेळते भांडवल होय. वाईट दिवसांत याच पैशातून कालच्या इंधनाचे बिल भागविले जाते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा अशा आगाऊ तिकिटांचे धनी सामान्य धनकोंच्या रांगेत उभे राहिले. डेबिट अथवा क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्या ग्राहकाला, सेवा मिळाली नाही तर आपल्या बँकेमार्फत ठरावीक मुदतीत रक्कम परत मागण्याचा दावा करता येतो. रोखीने काढलेल्या तिकिटाला हा आधार नसतो. ग्राहकांनी हे लक्षात ठेवणे हिताचे, विशेषतः एखादी कंपनी अकस्मात फार मोठ्या सवलती जाहीर करू लागली तर. कधी कधी ती सवलत आसने भरण्यासाठी नसते, शुक्रवारच्या पगारासाठी असते.

आफ्रिकेचा अनुभव

हा अनुभव केवळ आपला नाही. दक्षिण आफ्रिकेत २००१ मध्ये कुलुला ही पहिली स्वस्त सेवा निघाली. २००४ मध्ये वनटाइम आली, २००६ मध्ये सरकारी कंपनीची मँगो आली. वनटाइम २०१२ मध्ये बंद पडली, मँगोची विमाने २०२१ मध्ये थांबली आणि कुलुलाची चालक कंपनी २०२२ मध्ये विसर्जित झाली. २०१४ मध्ये आलेली फ्लायसाफेअर मात्र टिकली.

यांच्या उत्तरेला फास्टजेट या कंपनीने आणखी मोठे स्वप्न पाहिले. २०१२ मध्ये टांझानियातून सेवा सुरू करून साऱ्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत स्वस्त विमानांचे जाळे विणावयाचे होते. तेथे अडचण आली ती सीमांची. आकाश खुले करण्याचा करार आफ्रिकी देशांनी १९९९ मध्येच केला होता. पण प्रत्यक्षात प्रत्येक देशाची परवानगी, प्रत्येकाचे कर आणि प्रत्येकाची सरकारी विमान कंपनी वाट अडवून उभी होती. एअर डेक्कनला बंगळूरहून विजयवाड्याला जाण्यासाठी परराष्ट्र खात्याकडे जावे लागले नाही, हे भाग्य आपण फारसे मोजत नाही. फास्टजेटने शेवटी सुमारे दीडशे आसनांची एअरबस विमाने सोडून दिली, टांझानियातून काढता पाय घेतला आणि झिम्बाब्वेत पन्नास आसनांची एम्ब्रेअर १४५ जातीची लहान जेट विमाने चालविली. मोठ्या विमानाकडून लहानाकडे झालेला हा प्रवास डेक्कनच्या नेमका उलट आहे.

पुन्हा त्याच वाटेवर

आपल्या देशात लहान गावांच्या सेवेचा भार उघडपणे वाटून घेण्याचा प्रयत्न ‘उडान’ योजनेने केला. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली उड्डाणाबरोबरच नांदेड-हैदराबाद सेवेचाही शुभारंभ झाला. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी काही आसनांना अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, आणि त्यामुळे येणारी तूट तीन वर्षे भरून देण्याची हमी, असे तिचे स्वरूप होते. हे पैसे मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारातून येतात. राज्येही वाटा उचलतात. मुंबई-दिल्लीचा प्रवासी नांदेडच्या प्रवाशाचे भाडे अंशतः भरतो. मला यात गैर काही वाटत नाही, कारण येथे निदान कोण कोणासाठी भरतो आहे हे कागदावर दिसते.

त्याच योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन हे नाव पुन्हा आकाशात दिसले, आणि या वेळी महाराष्ट्रात. मुंबईहून जळगाव आणि नाशिकसाठी तिची सेवा सुरू झाली. विमाने होती बीचक्राफ्ट जातीची, वीसहूनही कमी आसनांची. वीसहून कमी आसनांत दोन प्रवासी आले नाहीत तरी दहावा हिस्सा उत्पन्न बुडते. सेवा अनियमित राहिली आणि करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, कंपनीने काम थांबविले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढेही चालू राहिले ते केवळ ५४.

या चौपन्नांचे मोल कमी नाही. तथापि सवलत संपल्यावर मार्ग का बुडतो, याचे एक उत्तर मल्लेश्वरमच्या रहिवाशाजवळ आहे. २००८ च्या मे महिन्यात बंगळूरचा नवा विमानतळ देवनहळ्ळीजवळ सुरू झाला, तो येथून तीस किलोमीटर दूर. हुबळीचे विमान तासाभरात पोहोचते. परंतु घरून निघून हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडणे, तपासणी, आधी पोहोचण्याचा नियम, हे सारे धरले की चार तास सहज जातात, आणि टॅक्सीचे भाडे कधी कधी तिकिटाच्या निम्म्यावर जाते. यशवंतपूरची गाडी तर दोन-तीन किलोमीटरवर उभी असते. छोट्या पल्ल्याच्या विमानाचा खरा प्रतिस्पर्धी दुसरे विमान नसते. रात्रीची बस आणि शयनयान डबा हाच असतो. चारशे किलोमीटरपर्यंत ही स्पर्धा अटीतटीची, आणि पल्ला वाढेल तसतसे पारडे विमानाकडे झुकते.

हे गणित ओळखून आज या भागात दोन कंपन्या उभ्या आहेत, आणि दोन्हींचा मराठी मुलखाशी संबंध आहे. कोल्हापूर परिसरातील संजय घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी २०१९ मध्ये बंगळूर-हुबळी मार्गानेच सुरू झाली. तिने निवडलेले विमान होते पन्नास आसनांचे एम्ब्रेअर १४५, म्हणजे फास्टजेटने झिम्बाब्वेत घेतले तेच. बेळगावला तिने महत्त्वाचा तळ केला. गोव्यातील मोपा येथे तळ असलेल्या फ्लाय ९१ ने मार्च २०२४ मध्ये एटीआर विमाने घेऊन सुरुवात केली आणि आरंभीच्याच मार्गांत बंगळूर-सिंधुदुर्ग हा मार्ग होता. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा मुंबईहून आलेली पहिली सेवा तीन वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली होती. कोकणात जाणाऱ्याला बंगळूरहून रेल्वेचा प्रवास लांबचा आणि घाटाचा रस्ता थकविणारा; म्हणून या पल्ल्यावर विमानाला वाव आहे.

या दोन्ही कंपन्यांनी ऐंशीहून कमी आसनांची मर्यादा सोडलेली नाही, ही गोष्ट नजरेत भरते. स्टार एअरने २०२३ मध्ये आणलेल्या नव्या एम्ब्रेअर १७५ विमानांत ७६ आसने आहेत. विमान मोठे झाले की प्रत्येक आसनामागचा खर्च घटतो. पण त्यासाठी बेळगावहून, नांदेडहून वा कोल्हापूरहून निघणाऱ्या प्रत्येक फेरीला पूर्वीपेक्षा सव्वीस माणसे जास्त मिळवावी लागतात, आणि तीही अशी की त्यातील निदान काही जण शेवटच्या दोन दिवसांत, पूर्ण दराने तिकीट काढतील.